किंग स्ट्रीटवरची सरळ रांग

बोस्टनच्या किंग स्ट्रीटवर ५ मार्च १७७० च्या रात्री ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे दगावली. महिना सरायच्या आत पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र विक्रीला आणले. मूळ रेखाटन हेन्री पेलहॅमचे. ते न विचारता उचलले म्हणून पेलहॅमने त्याला संतापून पत्रही लिहिले. लोकांच्या लक्षात मात्र रिव्हिअरच राहिला.

या चित्रात खरी करामत आहे ती उजव्या बाजूच्या रांगेची. सात शिपाई खांद्याला खांदा लावून, एकाच पवित्र्यात उभे आहेत. बंदुका एका उंचीवर, पुढचे पाय एका रेषेत. मागे कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतो आहे. ही रांग पाहिली की गोळी चुकून सुटली असेल, अशी शंका मनाला शिवतच नाही. डावीकडे सगळी पांगापांग: कुणी कोसळलेला, कुणी जखमीला सावरणारा, आणि काठी एकाच्याही हातात नाही. रंगवलेल्या प्रतींत शिपायांचे डगले आणि वाहणारे रक्त दोन्ही लालभडक. कस्टम हाऊसवर रिव्हिअरने चक्क खाटीकखान्याची पाटी लावली आहे. आकाशात चंद्रकोर आहे, पण उजेड दिवसाढवळ्याचा. आणि या साऱ्या कल्लोळात पुढे एक कुत्रे शांत उभे आहे! मला ते कुत्रे फार बोलके वाटते. त्याच्यामुळे हा रस्ता रोजच्या वहिवाटीचा, आपल्या ओळखीचा होतो.

प्रत्यक्षात रस्त्यावर बर्फ होते, जमाव बर्फाचे गोळे फेकत होता, लोकांकडे सोटेही होते. आपण बंदुकांच्या पुढे उभे होतो, असे प्रेस्टनचे म्हणणे. जॉन अॅडम्सने आरोपींचे वकीलपत्र घेतले. प्रेस्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा सुटले. उरलेल्या दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला आणि त्यांच्या अंगठ्यांवर डाग देण्यात आले. कोर्टात इतके बारकाईने तपासलेले हे सारे त्या एका सरळ रांगेपुढे फिके पडले. शाळेच्या पुस्तकांत आजही निकालपत्र नव्हे, हे चित्रच भेटते.

पण या चित्राचा मला सलणारा दोष वेगळाच आहे. मृतांमधला क्रिस्पस अॅटक्स आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाचा होता. चित्राखालच्या मजकुरात त्याचे नाव आहे. वरच्या गर्दीत मात्र तो ओळखू येत नाही, तिथे सारे गोरेच चेहरे दिसतात. ही उणीव भरून निघायला १८५६ साल उजाडले. गुलामगिरीविरुद्धची चळवळ तेव्हा बोस्टनमध्ये जोरात होती. विल्यम चॅम्पनीच्या चित्रावरून बफर्डने काढलेल्या शिळाछापात अॅटक्स थेट मधोमध आला. तिथे शिपायांची शिस्तबद्ध रांग नाही, अंगावर येणारी झटापट आहे आणि जमावाच्या हाती सोटे आहेत. कारागिरी म्हणून रिव्हिअरचे चित्र सरस, हे मान्यच. तरी घटनेशी अधिक इमान मला या दुसऱ्या चित्रात दिसते. रिव्हिअरचे चित्र पुढे कधी समोर आले, तर बफर्डचा शिळाछापही शोधून शेजारी ठेवा, आणि दोन्हींत आधी अॅटक्सला शोधा.