नाणेघाटातील राणी

घाटघरचे पठार ओलांडून नाणेघाटाच्या खिंडीतून जरा खाली उतरले, की कातळात खोदलेली एक मोठी चौकोनी खोली लागते. हे बौद्ध लेणे, राजाने भिक्षूंसाठी खोदविलेले, असे सांगणारा कोणीतरी तेथे हटकून भेटतो. मीही पुष्कळ दिवस तसेच समजत होतो. ब्यूलरने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेले वाचन ध्यानात ठेवून भिंतींकडे पाहिले, तेव्हा ती समजूत मोडली.

लेखाच्या आरंभी वंदन आहे ते धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना. बुद्धाचे नाव नाही. पुढे यज्ञांची यादी येते. दोन अश्वमेध, राजसूय आणि आणखी कितीतरी; एका ठिकाणी दक्षिणा १७०० गाई आणि १० हत्ती. मजकूर जमाखर्चासारखा रुक्ष आहे. वाङ्मय म्हणून त्यात काय आहे, असे कोणी विचारले तर मी एकाच जागेकडे बोट दाखवीन. या साऱ्या हिशेबात राणीविषयी दोन-तीन विशेषणे येतात: महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी. विद्वान तिला सातकर्णीची विधवा नागनिका मानतात. गाईंच्या आकड्यांमधून एकदम एक बाई दिसते आणि लगेच पुन्हा आकडे सुरू होतात.

मग जुन्नरभोवतीची ती शेकडो बौद्ध लेणी कोणाची? तेथील लेख फार तोकडे, बहुतेक ओळ-दोन ओळींचे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान. शिवनेरीवरचा भोजनमंडप चिट नावाच्या यवनाचा. बुरूड, कासार, धान्यविके यांच्या श्रेणींचीही नावे येतात. राजसत्ता दिसते ती मानमोडीला, तीही नहपानाचा अमात्य अयम याच्या रूपाने, ४६ व्या वर्षी. आणि नहपान तर सातवाहनांचा वैरी! कल्याणहून माल याच घाटाने वर चढत असे. त्या रहदारीने राणीचे यज्ञही पोसले आणि भिक्षूंची लेणीही, असे मला वाटते; पण दोघांच्या लेखांत एकमेकांची ओळखसुद्धा नाही.

सातवाहन राणीने भिक्षूंना लेणे दिल्याचे पाहायचे तर नाशिकला जावे लागते. गौतमी बलश्रीचा तेथील लेख भरजरी आहे. मुलाचे वर्णन करताना तिला हिमवान, मेरू, मंदार हे पर्वतही अपुरे पडतात. सरसपणाने तोच लेख वरचढ ठरेल. तरी मला पुन्हा पुन्हा आठवतो तो नाणेघाटच.

तेथे मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता पायांच्या खुणा उरल्या आहेत आणि वर कोरलेली नावे. सिमुक, कुमार भाय, महारठी त्रनकयिर. एका जोडीवर राजा-राणी दोघांची नावे आहेत. त्यांत देवी नायनिका आधी येते, राजा श्रीसातकर्णी नंतर.