'फोटो', 'मात्रा' आणि क्ष-किरण : एक परिभाषाविचार

रंटगेन यांनी १८९५ साली शोधलेल्या किरणांचे नाव बीजगणितातील अज्ञातदर्शक अक्षरावरून पडले. मराठीने त्या जागी आपल्या बीजगणितातील 'क्ष' ठेवला. हे भाषांतर निर्दोष होय. परिभाषेची अडचण सुरू होते ती हे किरण रुग्णाच्या देहावर किती पडावेत, या प्रश्नापाशी.

वसई तालुक्यातील कळंबची एखादी वृद्धा छातीच्या तपासणीसाठी नालासोपाऱ्यास जाते, ती 'फोटो काढून' परत येते. या प्रयोगात देहाचे चित्र घेतले जाते. देहास काही दिले जाते याची खूणही नाही. फोटो बिघडला तर दुसरा काढावा, यात कोणास काय वाटावे? पोटाचे सीटी स्कॅनही तिच्या लेखी फोटोच. छातीच्या एका चित्रात ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट, तर अशा स्कॅनमध्ये सुमारे ८ ते १०, हे शंभरपटीच्या घरातील अंतर त्या एका शब्दात बुडून जाते. (निसर्गतःच माणसास, जगाच्या सरासरीने, वर्षाकाठी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात.)

ग्रंथकार 'मात्रा' म्हणतात. हा शब्द अधिक फसवा. मराठी मनात मात्रा म्हणजे सहाणेवर उगाळून चाटवलेली हेमगर्भाची मात्रा. ती 'लागू पडते'. निदानाच्या किरणांत मात्र गुण देणारे काहीच नाही. गुण असलाच तर चित्रातून मिळणाऱ्या माहितीत. उलट 'किरणोत्सर्ग' म्हणताच अणुस्फोट आठवतो आणि देहात काही उरल्याची भीती वाटते. वस्तुतः यंत्र थांबताच किरणही थांबतात.

'मर्यादा' या शब्दाचाही असाच गैरवापर होतो. भारतात किरणांशी काम करणाऱ्यांस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि सामान्य जनतेस १ मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. रुग्णास तपासणीपुरती अशी मर्यादाच नाही. तेथे विचारावयाचे ते इतकेच : तपासणी खरोखर आवश्यक आहे काय, आणि उपयोगी चित्र कमीत कमी किती किरणांत मिळेल? 'सारे मर्यादेत आहे' हे आश्वासन या दोन्ही प्रश्नांना बगल देते.

'किरणभार' हा शब्द योजून पाहण्यासारखा आहे. 'विद्युत् भार' या रूढ संज्ञेशी त्याची गल्लत होईल, हा आक्षेप पदार्थविज्ञानाच्या वर्गात खरा आहे. परंतु भार म्हणजे ओझे हे कळंबच्या वृद्धेस सांगावे लागत नाही. आणि पूर्वीची चित्रे सोबत आणण्यास तिला का सांगितले जाते, हेही त्या शब्दापाशी उलगडते.