गळीत हंगामातले दोन सिनेमे

शरदातला सिनेमा म्हटले की डोळ्यांपुढे टिपूर चांदणे येते. इस्लामपूरच्या आसपास मात्र शरदाची चाहूल रस्त्यावर लागते. दसरा सरला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, फडालगत पालाच्या खोपी उभ्या राहतात आणि दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटतात. या दिवसांत वाळवा तालुक्यात बसून कोणता सिनेमा पाहावा, याला माझे उत्तर बरीच वर्षे एकच होते : 'सामना'.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५च्या बर्लिन महोत्सवात होता. साखरसम्राट हिंदुराव (निळू फुले) दारूत बुडालेल्या मास्तरला (श्रीराम लागू) घरी ठेवून घेतो. अडचणीच्या माणसाला पाहुणा करून टाकण्याची ही रीत सहकाराच्या मुलखात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मारुती कांबळेचे काय झाले, हा मास्तरचा प्रश्न त्या पाहुणचारालाच छेद देतो. समीक्षेने या झगड्यात सत्ता आणि विवेक पाहिले, ते योग्यच. पण फडात कोयते चालू असताना चित्रपट पुन्हा पाहिला की एक रितेपण टोचते. साखरेवर उभ्या राहिलेल्या या गोष्टीच्या केंद्रापाशी ऊस तोडणारा कुठेच नाही.

ती जागा भरायला २०२० साल उजाडावे लागले. अनंत महादेवन यांच्या 'बिटरस्वीट'चा विषय आहे बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली. खाडा झाला की दंड. या हिशेबात पाळीचे दुखणेही खाड्यातच जमा होते. या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती.

कलाकृती म्हणून 'बिटरस्वीट' 'सामना'च्या तोलाचा नाही. त्यात माणसांपेक्षा विषय पुढे येतो. हिंदुरावासारखा, तिरस्कार करतानाही आवडून जाणारा माणूस तिथे भेटत नाही. तरीही हे दोन्ही लागोपाठ पाहावेत, आणि याच क्रमाने. 'सामना'त एक माणूस नाहीसा होतो आणि त्याच्याविषयी विचारणारा कुणीतरी निघतो. 'बिटरस्वीट'मधल्या बायका नाहीशा होत नाहीत. त्या दर दसऱ्यानंतर आपल्याच रस्त्याने येतात, म्हणूनच बहुधा त्यांचे काय झाले हे विचारायचे राहून जाते.