लोकधून, श्रोत्याची स्मृती आणि एकल बासरी : याकोब फान आयक यांच्या रचनांचा विचार

साथीविना वाजणाऱ्या सुषिर वाद्यासाठी लोकधुनेवर रचना करणाऱ्याच्या हाती एका वेळी एकच स्वर असतो. मूळ चाल आणि तिचा विस्तार ही दोन्ही त्या एका रेषेतूनच ऐकू यावी लागतात. युट्रेख्टचे दृष्टिहीन घंटावादक याकोब फान आयक (मृत्यू १६५७) यांचा 'डेर फ्लौटेन लुस्टहोफ' म्हणजे 'बासरीचे विहारोद्यान' हा संग्रह या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. रेकॉर्डर या उभ्या बासरीसाठीच्या या रचना १६४० च्या दशकात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाल्या.

बहुतेक रचनांत प्रथम साधी चाल येते. पुढे 'मोडो' या संज्ञेखाली क्रमाने विस्तार येतात. दीर्घ स्वर फुटून अधिकाधिक ऱ्हस्व स्वर होतात. मराठी वाचकास येथे दुगुन-चौगुन आठवेल; परंतु हे साम्य फसवे आहे. दुगुनीत चालच दुप्पट लयीत म्हटली जाते. येथे चालीचा कालावकाश तोच राहतो, केवळ मधल्या जागा भरल्या जातात.

ही भरणी यांत्रिक आहे, असा आक्षेप घेता येतो. तो सर्वस्वी निराधार नाही. सलग आठ-दहा रचना ऐकल्यास तीच वळणे पुन्हा भेटतात. 'इंग्लिश नाइटिंगेल'च्या चालीवरील पक्षिकूजनाचे अनुकरणही काही ठिकाणी केवळ कौशल्यप्रदर्शन वाटते. तथापि हा आक्षेप श्रोत्याला विसरतो. १६४९ मध्ये फान आयक यांचे वेतन ८० वरून १०० गिल्डर करण्यात आले, ते चर्चच्या आवारात फिरावयास येणाऱ्यांना अधूनमधून बासरी ऐकवावी या अटीवर. त्या मंडळींना 'डॅफ्ने'चे गीत मुखोद्गत होते. संग्रहातील स्तोत्रे तर ती स्वतः गात असत. बासरी चालीपासून कितीही दूर गेली तरी श्रोत्याच्या मनात चाल सुरूच राही. साथ होती ती हीच.

आजचा विद्यार्थी 'डॅफ्ने'ला प्रथम कागदावरच भेटतो, आणि रचनेचा बोटांचा सराव होऊन बसतो. जात्यावरची ओवी कधीच न ऐकलेल्या श्रोत्यापुढे तिच्या चालीवर बासरीची रचना मांडणाऱ्यालाही हीच अडचण येणार. फान आयक यांचा मुद्रित पाठ मुळात दुसऱ्याच्या हातून उतरलेला आहे. त्यांनी स्वतः तो कधी वाचला नाही. म्हणून अध्यापनात स्वरलिपी उघडण्यापूर्वी मूळ गीत गाऊन घेणे हे प्राथमिक काम ठरते.