हॅण्डल फिरविणारा हात

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला की प्रेक्षक हसतात. राजा लगबगीने वनात शिरतो, ऋषी तुरुतुरु चालतात. या घाईवरून फाळक्यांना बाळबोध ठरविणारी टीका मला अन्यायाची वाटते. घाई त्यांची नव्हेच. ती दाखविणाऱ्या यंत्राची आहे.

फोटोचा नाद असलेल्या वाचकांस हे चटकन् पटेल. दिवाळीच्या सुमारास नागपुरास कळमन्याच्या बाजारात अंबिया बहराची संत्री उतरतात. जुना यांत्रिक कॅमेरा घेऊन तेथे उभे राहावे. शटरची चकती ५०० वर ठेवली, तर धावता हमाल जागीच खिळतो. ३० वर आणली, तर त्याचे पाय पुसट होतात. हमाल तोच, चित्रातला वेळ मात्र निराळा.

फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यात हा वेग माणसाच्या मनगटात असे. हॅण्डल फिरवीत त्र्यंबक तेलंग. त्या काळचा रिवाज सेकंदास दोन फेऱ्यांचा, म्हणजे सोळा चित्रांचा. फिरत्या पात्याची फट अर्धी धरली, तर प्रत्येक चित्रास १/३२ सेकंद उजेड. ऊन कमी पडू नये म्हणून सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उभ्या राहत.

आता साधा हिशेब करू. १९१३चा हा मूकपट सुमारे ३,७०० फुटांचा. एका फुटात सोळा चित्रे, तेव्हा सेकंदाला एक फूट. एकूण बासष्ट मिनिटे. बोलपटांबरोबर चोवीस चित्रांची गती रूढ झाली आणि तीच फीत एकेचाळीस मिनिटांत उरकू लागली. ग्रंथांतून ‘चाळीस मिनिटांचा चित्रपट’ असे लिहिले जाते, ते उगीच नव्हे!

त्या वेळी चित्र दाखविणारेही आपापल्या मर्जीने हॅण्डल फिरवीत, हे खरे. परंतु फाळक्यांना काळाचे भान नव्हते, हे कोणी म्हणू नये. ‘हरिश्चंद्रा’पूर्वीच कुंडीतल्या वाटाण्याचे थोड्याथोड्या अवधीने एकेक चित्र टिपून, कित्येक दिवसांची वाढ त्यांनी क्षणांत दाखविली होती. टिपण्याचा वेग आणि दाखविण्याचा वेग या दोन गोष्टी आहेत, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

उरलेले तुकडे १९१३चे की १९१७च्या पुनर्निर्मितीचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कसेही असो, चोविसाने धावणारी ती फीत घरच्या पडद्यावर दोन-तृतीयांश गतीने लावून पाहावी. तारामतीवर उगारलेली तलवार दीडपट वेळ हवेत राहते. दाबक्यांचा अभिनय तरीही नाटकीच वाटतो, कॅमेराही जागचा हलत नाही. पण अण्णा साळुंक्यांची तारामती मान खाली घालते, ते आता दिसते.