प्रवाद आणि सिंहासन : जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतील दरबारी राजकारण

अद्भुतरम्य कादंबरी म्हणजे वास्तवापासून पलायन, असा समज अभ्यासकांमध्येही आढळतो. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मालिका या समजाला छेद देते. १९९६ ते २०११ या काळात तिचे पाच खंड प्रसिद्ध झाले. ड्रॅगनांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, सामर्थ्य येथे राजघराण्याविषयीच्या कुजबुजीत आहे. या कुजबुजीचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पहिल्या खंडात राणी सर्सीची मुले राजा रॉबर्टची नसून तिचा जुळा भाऊ जेमी याची आहेत, हे रहस्य उलगडते. नेड स्टार्क वंशावळीचा ग्रंथ चाळतो आणि केसांच्या रंगावरून निष्कर्ष काढतो. निष्कर्ष खरा ठरतो. तथापि नेडचा मात्र शिरच्छेद होतो. १९९८ च्या दुसऱ्या खंडात रॉबर्टचा भाऊ स्टॅनिस हेच सत्य पत्रांद्वारे राज्यभर कळवितो. त्यावर उतारा म्हणून पीटर बेलिश एक प्रतिप्रवाद सुचवितो : स्टॅनिसची कन्या शिरीन ही दरबारी विदूषकाची संतती असल्याचे पसरवावे. पहिली वार्ता खरी, दुसरी रचलेली. परंतु दरबारात दोहोंचे मोल सारखेच. सैन्याचे पाठबळ नसलेले सत्य हाही एक प्रवादच ठरतो, हे मार्टिन यांचे मर्मभेदी निरीक्षण आहे.

२०१८ मधील ‘फायर अँड ब्लड’ या पूर्वकथेत लेखक एक पाऊल पुढे जातात. हा ग्रंथ गिल्डेन नामक काल्पनिक इतिहासकाराने लिहिल्याचे भासविले आहे. राजकन्या रेनीरा आणि सरदार क्रिस्टन कोल यांच्यात दुरावा का आला? धर्मगुरू युस्टेसच्या मते तिने त्याला नाकारले. विदूषक मशरूमच्या मते त्याने तिला. तिच्या मुलांचे तपकिरी केस पाहून हार्विन स्ट्राँगचे नाव घेतले जाते, तर राजा व्हिसेरिस बोलणाऱ्यांच्या जिभा छाटवितो. १९९६ मध्ये पुरावा ठरलेला केसांचा रंग येथे केवळ संशयाचे निमित्त उरतो. वाचकाच्या हाती निर्णय येत नाही. येतात ती परस्परविरोधी साधने. इतिहासलेखनाच्या अध्यापनातही हा ग्रंथ उपयुक्त ठरावा, तो यामुळेच.

या साऱ्या प्रवादांचे ओझे मात्र स्त्रीदेहावर पडते. रॉबर्टची अनौरस संतती सर्वज्ञात असूनही त्याच्या राजपदाला धक्का लागत नाही. सर्सी व रेनीरा यांच्यावरील संशय मात्र राजद्रोहाशी जोडला जातो. पितृवंशीय वारसा ज्या पितृत्वावर उभा आहे, ते सिद्ध करण्याचे खात्रीचे साधन त्या समाजापाशी नाही. म्हणून पहारा स्त्रीच्या शीलावर बसतो. सर्सीही हेच शस्त्र सून मार्जरीवर उगारते. तिने पढविलेला खोटा साक्षीदार छळाखाली सर्सीशीच असलेल्या संबंधांची कबुली देतो आणि ती स्वतः कैदेत पडते. पाचव्या खंडात तिला नग्नावस्थेत नगरातून चालविले जाते.

येथे एक आक्षेप रास्त ठरतो. ही विटंबना मार्टिन इतक्या तपशिलाने रंगवितात, की वाचकही बघ्यांच्या गर्दीत सामील होतो. परंतु तो प्रसंग सर्सीच्याच मनातून सांगितला आहे. त्यामुळे गर्दीच्या नजरेचा जाच वाचकाला टाळता येत नाही. प्रवादाचा आस्वाद घेणाऱ्यालाच त्याच्या क्रौर्याचा साक्षीदार करणे, यातच या मालिकेचे वाङ्मयीन मूल्य सामावले आहे.