पोट्ट्याचं ऐकते कोण?

मराठी सिनेमातलं मूल संकटात सापडतं ते बहुतेक मोकळ्या रानात. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठी असदगडाच्या आसपासच्या गल्ल्यांत वाढणारं पोट्टं या सिनेमाला अजून दिसलेलं नाही. गेल्या वीस वर्षांत याच सिनेमाने लहानग्यांवर अव्वल काम केलं, म्हणून ही उणीव जास्त टोचते.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) ऑपरेशन केलं तर परशाची दृष्टी जाणार, नाही केलं तर जीव. हे त्याला सांगायचं कोणी? ऑपरेशन लांबतं तेव्हा आजोबा त्याला जग दाखवायला गुपचूप बाहेर नेतात, इकडे इस्पितळात पळापळ होते, डॉक्टर भडकतात. यात खलनायक कुणीच नाही, तरी जो तो दुसऱ्याला उलटंच समजतो. मंगेश हाडवळेंच्या ‘टिंग्या’त (२००८) जायबंदी बैल खाटकाला द्यायचा बापाचा हिशेब बिनचूक आहे. आजारी म्हातारीवर उपचार करता, मग बैलावर का नाही, या पोराच्या सवालाला मात्र त्या हिशेबात जागा नाही.

वऱ्हाडी माणसाला ‘नाळ’ (२०१८) जवळचा वाटतो तो बोलीमुळे, आणि चैत्या झालेल्या अमरावतीच्या बालकलाकार श्रीनिवास पोकळेमुळे. घरच्यांनी मायेपोटी दडवलेली गोष्ट चैत्याला बाहेरून कळते आणि त्याची आईच त्याला परकी वाटू लागते. सिनेमा देखणा आहे. माझ्या मते जरा जास्तच देखणा.

माझं मत सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ला (२००९). शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आई धास्तावते आणि बापावर नजर ठेवायला चिमुकल्या दिनूला मागे धाडते. मोठ्यांनी ज्याला सांभाळायचं, त्याच्यावरच बापाला राखायची पाळी! आणि हे सारं हसतखेळत, गळा न काढता. विदर्भातल्या आत्महत्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण घरातल्या पोराच्या वाट्याला काय येतं हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच आलं. या सिनेमाची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली.

या सगळ्या सिनेमांतल्या मोठ्यांना बहुतेकदा माफी मिळून जाते, कारण चूक प्रेमापोटी झालेली असते. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) ही सवलत देत नाही. डुकरं धरणाऱ्या जब्याला हसणारं गाव प्रेमळ नाही, अजाणही नाही. म्हणून जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड थेट प्रेक्षकावर येतो.

असा दगड शहराच्या दिशेने अजून आलेला नाही. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल पेटली, एक माणूस मारला गेला. तो हल्ला आपण पाहिला आणि आपल्यालाही मारहाण झाली, असं सांगणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या तक्रारीवर पोलिसांनी गुन्हाच नोंदवला नाही. प्रकरण दिल्लीला गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर ताशेरे ओढून विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. मुलावरचं संकट आणि मोठ्यांचे बंद कान, दोन्ही इथे आहेत. मायेची सबब तेवढी नाही.

वऱ्हाडी बोली आता पडद्यावर रुळली आहे, तिच्यात बोलणारी गुणी पोरंही आहेत. दिग्दर्शकांनी शेत-शिवार थोडं बाजूला ठेवून एकदा अकोल्याच्या डाबकी रोडवर कॅमेरा लावावा, आणि त्या गोष्टीत मोठ्यांना सोडून देऊ नये.